वाफ वाईट, म्हणून धूर बरा?

इंग्लंडमध्ये २०१४ च्या अखेरीस सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना एक साधा प्रश्न विचारला गेला. ई-सिगारेट तुमच्या सिगारेटपेक्षा कमी घातक आहे, तेवढीच घातक आहे, की जास्त? शंभरातल्या सुमारे ४४ जणांनी उत्तर दिले, कमी. पुढची नऊ वर्षे नव्या नव्या लोकांना हाच प्रश्न विचारला जात राहिला आणि २०२३ च्या जूनपर्यंत ‘कमी घातक’ म्हणणारे शंभरात सुमारे २७ उरले. ‘जास्त घातक’ म्हणणारे ११ वरून २३ वर गेले. ‘तेवढीच’ आणि ‘जास्त’ यांची बेरीज ५७ झाली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी अठ्ठावीस हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्यांच्या उत्तरांवरून हा आलेख मांडला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत तो प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जिवाशी या प्रश्नाचा सर्वांत जवळचा संबंध आहे, त्यांचेच उत्तर वर्षागणिक अधिक चुकत गेले आहे.

आपल्याकडे ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. त्यामुळे ही इंग्रजांची डोकेदुखी म्हणून पान उलटणे सोपे आहे. वाचकांनी तसे करू नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे. तिकडे निदान प्रश्न विचारला जातो, उत्तरे मोजली जातात आणि ती बिघडू लागली की कोणीतरी ओरडून सांगते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार भारतात धूम्रपान करणारे प्रौढ दहा कोटींच्या घरात आहेत. धूर आणि वाफ यांची तुलना त्यांच्या मनात कशी चालली आहे, याची अशी सातत्याने विचारपूस आपल्याकडे होत नाही. तुलना मात्र होतेच. ती टपरीवर होते, कॉलेजच्या फाटकाबाहेर होते, मोबाइलच्या पडद्यावर होते, आणि तिथे जे ठरते त्यावर माणसे पुढची वीस वर्षे काय ओढायचे हे ठरवतात.

इंग्लंडमधली घसरण धक्कादायक वाटते, कारण ई-सिगारेटबद्दल सरकारनेच सर्वांत मोकळेपणाने बोलणाऱ्या देशांपैकी तो एक आहे. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, पब्लिक हेल्थ इंग्लंडने, ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज जाहीर केला. २०२३ मध्ये सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या दहा लाख लोकांना ई-सिगारेटचे संच देण्याची योजना सरकारने आखली. सरकार आणि आरोग्यसेवा एका दिशेने बोलत असताना लोकांचा समज उलट दिशेने गेला. संशोधकांना या आलेखात दोन ठळक वळणे दिसली. पहिले २०१९ च्या अखेरचे आणि दुसरे २०२१ मधले, जेव्हा शाळकरी मुलांच्या हाती रंगीबेरंगी ‘डिस्पोजेबल’ नळ्या दिसू लागल्या.

पहिल्या वळणाचे मूळ अमेरिकेत होते. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथे धडधाकट तरुण माणसे श्वास घेता येईना म्हणून रुग्णालयात येऊ लागली. फुप्फुसे झपाट्याने निकामी होत होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत अशा रुग्णांची नोंद २,८०७ वर गेली आणि त्यांतले ६८ जण दगावले. तपासात बहुतेक रुग्णांनी गांजातले नशेचे द्रव्य असलेली तेले या उपकरणांतून ओढल्याचे आढळले. ही तेले बहुतांशी बेकायदा बाजारातली होती आणि ती दाट दिसावीत म्हणून त्यांत ‘व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट’ मिसळलेले होते. कातडीला लावायला निरुपद्रवी असलेला हा पदार्थ फुप्फुसात जाऊन बसला. निकोटिनच्या साध्या द्रवातून हा आजार झाल्याचा पुरावा दुबळा होता. पण ‘व्हेपने, म्हणजे ई-सिगारेटने, माणसे मेली’ ही बातमी जगभर घरोघरी पोचली आणि मेली ती कशाने, हे तितके पोचले नाही. त्या वेळी साध्या सिगारेटमुळे एकट्या अमेरिकेत वर्षाला चार लाखांहून अधिक माणसे मरत होती. ती बातमी रोजचीच होती, म्हणून ती बातमी राहिली नव्हती.

हे सगळे समजून घ्यायचे तर सिगारेट नेमकी कशाने मारते, इथून सुरुवात करायला हवी. ती मारते जळण्यामुळे. झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचे तापमान सुमारे ९०० अंश सेल्सिअसवर जाते. त्या आगीत तंबाखूचे पान, कागद आणि त्यावरची रसायने फुटून सात हजारांहून अधिक पदार्थ तयार होतात आणि त्यांतले सुमारे सत्तर कर्करोगाला कारण ठरतात. डांबर फुप्फुसात साचते. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. निकोटिन या सर्वांत काय करते? ते माणसाला परत परत त्या आगीकडे आणते. व्यसन निकोटिनचे असते. कर्करोग, दमा-खोकल्याचा जुनाट आजार आणि हृदयविकार हे मुख्यतः धुराचे.

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. विजेरीवर तापणारी छोटी तार प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादाचे पदार्थ यांच्या द्रवाचे बारीक तुषार करते. लोक त्याला वाफ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नाही. तार जास्त तापली तर त्यात फॉर्माल्डिहाइड तयार होते. निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कण सापडतात. खाण्याच्या पदार्थात चालणारे स्वाद फुप्फुसात गेल्यावर काय करतात, याचा अभ्यास अजून अपुरा आहे. निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, आणि वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. तरीही धुरातल्या विषारी घटकांपैकी बरेचसे या तुषारांत मुळीच नसतात किंवा फार कमी प्रमाणात असतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या अ‍ॅन मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून निष्कर्ष काढला की अल्प आणि मध्यम मुदतीत व्हेपचा धोका धूम्रपानाच्या धोक्याचा लहानसा अंशच आहे. आणि त्याच अहवालात त्यांनी बजावले की व्हेप निर्धोक नाही, विशेषतः ज्याने कधी धूम्रपान केलेले नाही त्याच्यासाठी.

दीर्घ मुदतीचे काय? आज आपल्याला माहीत असलेली ई-सिगारेट चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास तयार केली. फुप्फुसाचा कर्करोग दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. सिगारेटचा प्रसार विसाव्या शतकाच्या आरंभी झाला आणि तिचा कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये ठामपणे दाखवला. ई-सिगारेटची तेवढी वर्षे अजून भरलेली नाहीत. तो ९५ टक्क्यांचा आकडाही शरीरे तपासून निघालेला नव्हता. तो तज्ज्ञांच्या एका छोट्या गटाच्या अंदाजावर उभा होता आणि त्यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकाने २०१५ मध्येच कडक टीका केली होती. आकडा संशयास्पद म्हणून दिशाही संशयास्पद, असे मात्र होत नाही. आग असलेली वस्तू आग नसलेल्या वस्तूपेक्षा फार अधिक मारते, याबद्दल जाणकारांत मतभेद कमी आहेत. मतभेद आहेत ते ‘किती’ यावर, आणि त्याहून जास्त मुलांवर.

आता धूम्रपान करणाऱ्याच्या डोक्यात काय चालते ते पाहू. इंग्लंडमधल्याच २०१८ च्या सरकारी आढाव्यानुसार, धूम्रपान करणाऱ्या आणि सोडलेल्या लोकांपैकी दहातले चार जण असे मानत होते की सिगारेटमुळे होणारा बहुतेक कर्करोग निकोटिनमुळे होतो. या एका गैरसमजातून बाकीचे सगळे ओघाने येते. निकोटिन हेच विष असेल, तर ते धुरातून घ्या, वाफेतून घ्या, च्युइंग गमातून घ्या, फरक काय? मग ओळखीची, हाताशी असलेली, तलफ लगेच भागवणारी सिगारेट का सोडा? ‘सगळे सारखेच वाईट’ हे वाक्य ऐकायला सावध वाटते. प्रत्यक्षात ते सिगारेटच्या बाजूने काम करते, कारण सगळे सारखे असेल तेव्हा माणूस जिथे आहे तिथेच थांबतो.

तिथेच थांबण्याची किंमत आपल्याला ठाऊक आहे. डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केला. २००४ च्या अहवालात दिसले की आयुष्यभर सिगारेट ओढणारे सरासरी दहा वर्षे आधी मरतात. साठाव्या वर्षी सोडली तर तीन वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा, चाळिशीत नऊ, आणि तिशीत सोडली तर जवळपास सगळी दहा. भारतात प्रभात झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात सिगारेट ओढणारे पुरुष सुमारे दहा वर्षे, बिडी ओढणारे पुरुष सहा आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया आठ वर्षे गमावताना दिसल्या. पस्तिशीतला माणूस ‘व्हेपही तेवढीच वाईट’ असे म्हणून आणखी पाच वर्षे धुरातच राहिला, तर त्याची किंमत त्याच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाकडून कापली जाते.

ई-सिगारेटने सिगारेट सुटते का, याचे उत्तरही टाळण्यात अर्थ नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या पीटर हाजेक यांच्या गटाने ८८६ जणांवर केलेली चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. एका वर्षानंतर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के धूम्रपानमुक्त होते. निकोटिनचे गम, पट्ट्या वगैरे दिलेल्यांपैकी ९.९ टक्के. पण या यशाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ई-सिगारेटच्या मदतीने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. दुसऱ्या गटात गम-पट्ट्या चालू असलेले ९ टक्केच होते. धूर सुटला, निकोटिन सुटले नाही. धूम्रपान करणाऱ्या माणसासाठी हा सौदा फायद्याचा असू शकतो. ज्याने कधी सिगारेटला हात लावलेला नाही, अशा सोळा वर्षांच्या मुलासाठी तो निव्वळ तोटा आहे.

आणि नेमकी इथे दुसरी चूक घडते आहे, पहिलीच्या बरोबर उलट. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात १३ ते १५ वयाची किमान दीड कोटी मुले ई-सिगारेट ओढतात. धूम्रपान करणारा बाप ‘वाफ धुराइतकीच वाईट’ असे मानून धुराला चिकटून बसला आहे आणि त्याच घरातला मुलगा ‘ही नुसती वाफ, त्यात काय’ असे मानून तिच्याकडे वळतो आहे. ज्याने घाबरायचे तो निर्धास्त आहे आणि ज्याने आगीपासून पळायचे त्याला पळण्याची वाट आगीसारखीच भासते आहे. दोघांच्याही गैरसमजाचा फायदा निकोटिन विकणाऱ्यालाच होतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात बंद केली. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्याच वर्षीच्या मे महिन्यात संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. मुलांना या व्यसनापासून लांब ठेवणे हा हेतू योग्य होता आणि आजही आहे. बंदी उठवा, असे आम्ही म्हणत नाही.

पण कायदा शिक्षा सांगतो तसा एक संदेशही देतो. सामान्य माणूस कलमे वाचत नाही. तो इतकेच पाहतो की एक वस्तू बंद आहे आणि दुसरी चौकाचौकात मिळते. सरकारने जिच्यावर बंदी घातली ती जास्त घातक असणार आणि जिच्यावर कर घेऊन विकू दिले ती त्या मानाने बरी असणार, असा हिशेब तो करतो. हा हिशेब अडाणीपणाचा नाही. सरकारवर विश्वास ठेवणारा कोणीही तो असाच करील. चुकले आहे ते त्याला उरलेले वाक्य न सांगणाऱ्या यंत्रणेचे. ई-सिगारेटवरची बंदी ही ती सिगारेटपेक्षा वाईट असल्याची घोषणा नव्हती. सिगारेट आणि बिडी आज नव्याने शोधल्या गेल्या असत्या, तर कोणत्याही देशाने त्यांना विक्रीचा परवाना दिला नसता. त्या दुकानात आहेत त्या जुन्या आहेत म्हणून, सुरक्षित आहेत म्हणून नव्हे. हे कोणी आरोग्यमंत्र्याने, कोणी जिल्हा शल्यचिकित्सकाने मराठीत स्पष्टपणे सांगितले आहे का? पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा छापून आपले काम झाले, असे सर्वांनी मानले आहे.

तंबाखूच्या प्रत्येक नव्या रूपाबरोबर असा एखादा दिलासा आपल्याकडे येतच गेला आहे. बिडीत कागद नाही, ती तेंदूच्या पानाची, म्हणजे नैसर्गिक, असे विदर्भापासून सिन्नर-सोलापूरपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. वस्तुतः बिडी विझू नये म्हणून ओढणारा अधिक आणि खोल झुरके घेतो आणि त्याच्या छातीत डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षाही जास्त जाते. मिश्रीने दात बळकट होतात म्हणून गावोगावच्या बायका सकाळी उठून भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळत आल्या आणि तोंडाच्या कर्करोगाने परळच्या टाटा रुग्णालयाच्या रांगेत आल्या. हुक्क्याचा धूर पाण्यातून येतो म्हणून गाळला जातो, असे शहरी मुलामुलींना वाटले. पाणी तो थंड करते, गाळत नाही.

सिगारेट कंपन्यांनी तर या दिलाशाचा धंदाच केला. १९५० च्या दशकात कर्करोगाच्या बातम्या येऊ लागल्या तशी अमेरिकेत फिल्टरची लाट आली. केंट सिगारेटच्या ज्या ‘मायक्रोनाइट’ फिल्टरची सुरक्षित म्हणून जाहिरात झाली, त्यात १९५२ ते १९५६ या काळात अ‍ॅस्बेस्टॉस होते. पुढे ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ आल्या. यंत्रावर मोजले की त्यांतले डांबर कमी भरायचे. माणूस यंत्र नसल्यामुळे तो जोरात ओढायचा, फिल्टरवरची बारीक छिद्रे नकळत बोटांनी झाकायचा आणि तेवढाच धूर घ्यायचा. २००६ मध्ये अमेरिकी न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला की कंपन्यांनी या सिगारेटींबद्दल जनतेला जाणूनबुजून फसवले. २०१० पासून तिथे पाकिटावर हे शब्द छापायला मनाई आहे. दरम्यान कोट्यवधी लोकांनी सिगारेट सोडण्याऐवजी ‘लाइट’ धरली होती.

इतक्या वेळा पोळलेल्या समाजाने ‘कमी घातक’ हे शब्द ऐकताच कान टवकारले, तर त्याला दोष देता येत नाही. अडचण अशी की या वेळचा दिलासा अर्धा खरा आहे. फिल्टरच्या बाबतीत तो खोटाच होता. वाफेच्या बाबतीत तो धूम्रपान करणाऱ्यासाठी बऱ्याच अंशी खरा आणि इतरांसाठी घातक आहे. पूर्ण खोटे खोडून काढणे सोपे असते. अर्धे खरे सांगायला वेळ द्यावा लागतो, समोरचा कोण आहे हे पाहावे लागते. आपल्या आरोग्य यंत्रणेला इथे सोपा मार्ग सापडला आहे : सगळ्याला सारखेच विष म्हणायचे आणि विषय संपवायचा.

धूर आणि वाफ यांचा एकत्र वापर हा या गोंधळातला सर्वांत फसवा प्रकार. ‘पूर्वी दिवसाला वीस व्हायच्या, आता दोनच, बाकी व्हेप’ असे सांगणाऱ्याला वाटते की आपला धोका दहापटीने कमी झाला. हृदयाचे गणित असे चालत नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसले की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा अतिरिक्त धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, विसावा हिस्सा नव्हे. रक्तवाहिन्यांना बिघडायला धूर थोडाही पुरतो. सिगारेट आठवर, चारवर, दोनवर आणून थांबलेला माणूस स्वतःला अर्धा मुक्त समजतो आणि उरलेली दोन सोडण्याचे कारण त्याला दिसेनासे होते. कार्यालयांच्या इमारतींखाली चहाबरोबर सुटी सिगारेट घेणारी, खिशात ई-सिगारेटचा पॉड बाळगणारी तरुण माणसे आज याच भ्रमात आहेत. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेटींची विक्री बंद केली. कोणत्याही टपरीवर पाच मिनिटे उभे राहिले की त्या बंदीचे काय झाले ते दिसते.

ई-सिगारेटच्या बंदीचेही तेच होते आहे. बंदरांवर आणि विमानतळांवर साठे पकडले जातात, तरी माल येतोच. तो गल्लीत, समाजमाध्यमांवर, ओळखीच्या पोरामार्फत मिळतो. लंडनहून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या बॅगेतूनही येतो, आणि असा माल देशात आणणे हीच कायद्याने आयात आहे, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक नसते. या मालात काय आहे, हे कोणी तपासत नाही. बंदी असलेल्या वस्तूला मानके नसतात. अशा अनेक नळ्यांवर ‘५%’ असे छापलेले असते. विद्यार्थ्याला तो आकडा किरकोळ वाटतो. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. इंग्लंडमध्ये कायद्याने २० ची मर्यादा आहे. निकोटिनचे क्षार वापरल्यामुळे हा द्रव घशाला बोचत नाही, ठसका लागत नाही आणि पहिल्याच आठवड्यात मुलगा किती निकोटिन घेऊ लागला, हे त्यालाही कळत नाही.

म्हणूनच एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. इंग्लंडमधल्या तपासणीखालच्या, प्रमाण ठरलेल्या ई-सिगारेटबद्दल तिथल्या संशोधकांनी काढलेले निष्कर्ष पुण्याच्या किंवा ठाण्याच्या गल्लीत विकल्या जाणाऱ्या निनावी नळीला लागू होत नाहीत. अमेरिकेत २०१९ मध्ये माणसे दगावली ती मुख्यतः बेकायदा मालाने. आपल्याकडे सगळाच माल बेकायदा आहे. ‘लंडनचे डॉक्टर व्हेप बरी म्हणतात’ असे सांगून ती विकणारा फसवणूकच करतो आहे.

मग आपल्या धूम्रपान करणाऱ्याने जावे कुठे? याचे उत्तर आहे आणि ते कायदेशीर आहे. निकोटिनचे २ मिलिग्रॅमचे गम औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. पट्ट्या आहेत. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. निकोटिन प्रतिस्थापन उपचार २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय सल्लासेवा मोफत आहे आणि २०१८ पासून तिचा क्रमांक पाकिटावर छापला जातो. साधने हाताशी असूनही ती धूळ खात पडतात, याचे एक कारण तोच गैरसमज आहे. ‘निकोटिनच वाईट, मग त्याचे गम तरी कशाला’ असे म्हणून माणूस गम एक-दोन दिवसांत टाकून देतो, किंवा भीतीने इतके कमी चघळतो की तलफ भागत नाही, आणि ‘आपल्याला नाही जमले’ म्हणत सिगारेट पेटवतो. ‘सगळे सारखेच’ या वाक्याने आपण नुसती वाफ बदनाम केली नाही. सुटकेचे औषधही त्याच वाक्याने बदनाम झाले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. वाफ धुरापेक्षा कमी घातक, असे उघड सांगितले तर मुले तिच्याकडे वळतील, कंपन्या त्याची जाहिरात करतील, म्हणून गप्प बसलेले बरे. हा आक्षेप घेणारे डॉक्टर रोज जबडे कापलेले रुग्ण पाहतात. त्यांच्या भीतीचा आम्ही आदर करतो. पण गप्प बसून मुले थांबलेली नाहीत. जी माहिती सरकार देत नाही ती विकणारा देतो, आणि तो त्यातले सोयीचे अर्धेच देतो. मुलाला सांगायचे ते वेगळे आणि पन्नाशीतल्या बिडीवाल्याला सांगायचे ते वेगळे. दोन्ही खरेच आहे आणि दोन्ही सांगण्याइतके वाचक, पालक आणि रुग्ण शहाणे आहेत. शाळेत निकोटिनचे व्यसन आणि त्या ५० मिलिग्रॅमचा अर्थ शिकवावा लागेल. दवाखान्यात आग आणि निकोटिन यांतला फरक समजावून सांगावा लागेल.

राज्याच्या आरोग्य विभागाला हे काम उद्यापासून करता येईल, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. त्यांतले बहुसंख्य चघळणारे वा चोळणारे; ओढणारे एकूण प्रौढांच्या ३.८ टक्के. हजार प्रौढांमागे ही अडतीस माणसे राज्याच्या आकाराच्या मानाने लाखो कुटुंबे होतात. पुढच्या पाहणीत धोक्याच्या तुलनेचा प्रश्न घालावा, म्हणजे आपल्या लोकांचा समज कुठे उभा आहे हे तरी कळेल. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात निकोटिनचे गम आणि पट्ट्या नुसत्या यादीत न राहता कपाटात असाव्यात. रक्तदाब तपासणाऱ्या परिचारिकेने ‘ओढता का’ एवढे विचारून रकाना भरू नये. काय ओढता, सोबत व्हेप चालते का, सोडायचा प्रयत्न कधी केला आणि गम घेतले तर किती दिवस घेतले, हे तिने विचारावे. आणि ज्या माणसाने व्हेप तेवढीच वाईट म्हणून सिगारेट चालू ठेवली आहे, त्याला तिथेच, त्याच्या भाषेत, पहिले गम कसे चघळायचे हे करून दाखवावे : सावकाश चावायचे, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचे, त्या थांबल्या की पुन्हा चावायचे, असे साधारण अर्धा तास, आणि त्याआधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घ्यायची नाही.